पाच डबे, एकच ओल



मागच्या लेखात पावसाळ्याआधीच्या साठवणीबद्दल लिहिलं होतं. तुमचे बरेच निरोप आले. तूरडाळीला एरंडेल किती लावायचं, कडुलिंबाचा पाला कितपत वाळवायचा, कीड होऊच दिली नाही तर नंतर हिंसेचा प्रश्न कसा उरत नाही, वगैरे. आज पुन्हा साठवणीवरच लिहितेय, पण पैशांच्या. डाळींच्या बाबतीत एक गोष्ट आपल्याला कुणी शिकवावी लागत नाही. पाच डबे एकाच ओल धरलेल्या भिंतीला टेकवून ठेवले, तर पाचही एकाच वेळी बिघडतात. पैशांचे डबे असले की मात्र आपण फक्त संख्या मोजतो. "माझे पाच फंड आहेत," असं कुणी म्हटलं की वाटतं, वा, छान विभागून ठेवलंय.

निमित्त माझ्या धाकट्या जाऊबाईंचं. तिची परवानगी घेऊन लिहितेय. २०२३ मध्ये माझे धाकटे दीर गेले. विमा आणि बाकीचं सगळं मिळून तिच्या हातात ३० लाख रुपये आले. मुलगी अकरावीत, मुलगा सातवीत. सांगलीतलं भुसारी दुकान घरचंच, त्यातला तिचा वाटा सुरू आहे. पण पुढच्या वीस वर्षांची भिस्त या तीस लाखांवरच. अशा वेळी सल्ला देणाऱ्यांची कमी नसते. मामंजींचं म्हणणं, ओळखीच्या पतसंस्थेत ठेव, बँकेपेक्षा दीड टक्का जास्त मिळतो. तिच्या भावाला नदीकाठची जमीन हवी होती. एजंटने छापील कागद आणला. पाच इक्विटी फंड, प्रत्येकात ६ लाख. कागदावर गोल काढून पाच रंगांत रंगवला होता. दिसायला फार सुरेख.

ती कागद घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "अक्का, यातला कुठला चांगला, तेवढं सांगा."

मी शाळेत गणित शिकवते. गुंतवणूक सल्लागार नाही, हे आधीच सांगते. मोठी रक्कम असेल तर सेबीकडे नोंदणी असलेल्या, फी घेऊन सल्ला देणाऱ्या माणसाला जरूर विचारा. पण त्या माणसासमोर बसल्यावर काय विचारायचं, ते कळावं म्हणून हा लेख.

तिच्या प्रश्नातला "चांगला" हा शब्दच अवघड. कागदावर प्रत्येक फंडापुढे पाच वर्षांचा परतावा होता आणि तिचं बोट आपोआप सर्वांत मोठ्या आकड्याकडे जात होतं. आपल्या सगळ्यांचंच जातं. देवळातून बाहेर पडताना पायऱ्यांवर "माझ्या फंडाने २२ टक्के दिले" हे ऐकलेलं नाही अशी बाई विरळाच. ते २२ टक्के मिळेपर्यंत मधे काय काय सोसावं लागलं, हे कुणी सांगत नाही.

म्हणून आधी मी तिला पाचांतला एकही निवडू दिला नाही. पाचही एकत्र कधी पडतात, ते बघू म्हटलं. म्युच्युअल फंडांच्या संघटनेच्या, म्हणजे ॲम्फीच्या संकेतस्थळावर प्रत्येक फंडाची जुनी एनएव्ही मिळते. जानेवारी २०१९ ते डिसेंबर २०२३ अशा ६० महिन्यांचे आकडे काढले आणि प्रत्येक महिन्यात फंड किती टक्के वर किंवा खाली गेला, ते एक्सेलमध्ये मांडलं. मग 'कोरेल' नावाचं सूत्र वापरायचं, दोन रकाने निवडायचे, की उत्तर येतं. यालाच सहसंबंध म्हणतात. उत्तर उणे १ ते अधिक १ या दरम्यान येतं. १ च्या जवळ म्हणजे दोघं हातात हात घालून चालतात. शून्याच्या आसपास म्हणजे एकाचं दुसऱ्याशी देणंघेणं नाही. उणे म्हणजे एक पडताना दुसरा चढतो.

इथे एक खाचखळगा आहे, तो सांगून ठेवते. सहसंबंध एनएव्हीच्या आकड्यांवर काढायचा नाही, दर महिन्याच्या टक्केवारीवरच काढायचा. घरातल्या दोन मुलांची उंची दर वर्षी वाढतेच. त्या वाढत्या आकड्यांचा सहसंबंध काढला तर तो मोठाच येणार, आणि त्यातून काहीच कळणार नाही. एक आजारी पडलं तेव्हा दुसरंही पडलं का, हे बघायचं असेल तर महिन्या-महिन्याची तब्येत बघावी लागते.

पाच फंडांच्या दहा जोड्या होतात. दहाही जोड्यांचं उत्तर ०.९ च्या वर आलं.

जाऊबाईंना धक्का बसला, पण यात आश्चर्य काही नाही. सेबीने ऑक्टोबर २०१७ मध्ये फंडांचे प्रकार ठरवून दिले. लार्ज कॅप म्हणवणाऱ्या फंडाने किमान ८० टक्के रक्कम बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्यांतच गुंतवायची. सगळ्या फंड कंपन्या त्याच शंभरांतून निवडणार. फ्लेक्सी कॅप, फोकस्ड, करबचतीचा ईएलएसएस, नावं वेगळी. पण पहिल्या दहा कंपन्यांची यादी काढली तर एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक, रिलायन्स ही नावं बहुतेक ठिकाणी भेटतात. पाच रंगांचा गोल, आत एकच माल.

आता याने बिघडतं काय? दोन गुंतवणुका घ्या. दोन्ही सारख्याच उसळणाऱ्या, दोघींचं प्रमाण विचलन २० टक्के. (प्रमाण विचलन म्हणजे परतावा सरासरीच्या किती वर-खाली झोके घेतो, त्याचं माप.) निम्मे-निम्मे पैसे दोन्हींत ठेवले आणि सहसंबंध ०.९ असेल, तर एकत्रित विचलन येतं १९.५. म्हणजे दोन ठिकाणी ठेवून झोका जेमतेम अर्ध्या टक्क्याने कमी झाला. तोच सहसंबंध शून्य असता, तर विचलन १४ वर आलं असतं. यासाठी परतावा सोडावा लागत नाही, कारण सरासरी परतावा दोन्ही वेळी तोच राहतो. हे गणित हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये मांडलं आणि १९९० मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. गंमत म्हणजे स्वतःच्या निवृत्तीचे पैसे ठेवताना त्यांनी ही सूत्रं वापरली नाहीत, असं त्यांनीच सांगितलं आहे. बाजार चढला आणि मी त्यात नसलो तर पस्तावेन, पडला आणि मी पुरता त्यात असलो तरी पस्तावेन, असा विचार करून त्यांनी निम्मे शेअरमध्ये आणि निम्मे रोख्यांमध्ये ठेवले. मला हा माणूस तेव्हापासून जास्त आवडतो.

एजंटच्या कागदातल्या तीस लाखांचं वाईट दिवसांत काय झालं असतं, तेही आम्ही काढलं. २०२० च्या जानेवारीतल्या उच्चांकापासून २३ मार्चपर्यंत निफ्टी सुमारे ३८ टक्के पडला. त्यातल्या शेवटच्या एका दिवशी सेन्सेक्स १३ टक्क्यांहून जास्त घसरला. तीस लाखांचे १८ लाख ६० हजार. आणि ३८ टक्के पडलेलं भरून यायला ३८ टक्के चढून भागत नाही, ६१ टक्के चढावं लागतं. २००८ मध्ये तर सेन्सेक्स वर्षभरात २०,२८७ वरून ९,६४७ वर आला होता. "मुलीची फी भरायच्या वर्षी असं झालं तर?" एवढंच तिने विचारलं. ज्यांच्या घरी दर महिन्याचा पगार येतो, ते थांबू शकतात. कॉलेज थांबत नाही.

मग राहिला तो मोठ्या आकड्याचा मोह. त्यावर दुसरं माप आहे, शार्प गुणोत्तर. विल्यम शार्प यांनी १९६६ मध्ये ते सुचवलं; मार्कोविट्झ यांच्याबरोबर नोबेल मिळालेल्यांपैकी हे एक. सोपं आहे. फंडाच्या परताव्यातून बिनधोक ठेवीचं व्याज वजा करा आणि उरलेल्याला प्रमाण विचलनाने भागा. समजा, एका फंडाने सरासरी १५ टक्के दिले आणि त्याचं विचलन २०. दुसऱ्याने ११ दिले, विचलन ८. ठेवीचा दर ७. पहिल्याचं गुणोत्तर ८ भागिले २०, म्हणजे ०.४. दुसऱ्याचं ४ भागिले ८, म्हणजे ०.५. कमी परताव्याचा दुसरा फंड सोसलेल्या प्रत्येक धक्क्यामागे जास्त देतो. पहिल्यात साधारण तीन वर्षांपैकी दोन वर्षं उणे ५ ते अधिक ३५ यांच्या मधे कुठेतरी जाणार, दुसऱ्यात ३ ते १९. फंडाच्या दरमहाच्या माहितीपत्रकात प्रमाण विचलन आणि शार्प हे दोन्ही आकडे छापलेले असतात. बारीक अक्षरांत. विचारलंत तर एजंटला दाखवावेच लागतात.

पण शार्पवरही डोळे झाकून विसंबू नका. प्रवचनात नयांबद्दल आपण ऐकतो. एक नय वस्तूची एक बाजू दाखवतो, आणि तीच पूर्ण वस्तू मानली की तो दुर्नय होतो. शार्प हा असाच एक नय. तो वरच्या उसळीलाही धक्काच धरतो, आणि वर गेल्याचं दुःख तर कुणाला होत नाही. (फक्त खालचे झोके मोजणारं सॉर्टिनो नावाचं वेगळं गुणोत्तर आहे.) दुसरं, कुठल्या काळाचे आकडे घेतले यावर तो फार बदलतो. एप्रिल २०२० पासून पुढची तीन वर्षं घेतली, तर जवळजवळ प्रत्येक इक्विटी फंड गुणी दिसतो, कारण मोजणी तळापासून सुरू झालेली असते. आणि तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं. जे अजून घडलेलं नाही, ते त्याला दिसतच नाही.

इथे मामंजींची पतसंस्था येते. पतसंस्थेची ठेव घ्या आणि शार्प काढायला बसा. विचलन शून्य. दर तिमाहीला ठरलेलं व्याज, एक पैसा इकडेतिकडे नाही. शून्याने भागायचं म्हणजे गुणोत्तर अनंत, जगातली सर्वोत्तम गुंतवणूक! दाराला कुलूप लागेपर्यंत ती तशीच दिसते. आपल्या भागात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे एका बँकेत ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, २०२० च्या फेब्रुवारीपासून. पतसंस्थेच्या ठेवीला ते नाही. तो दीड टक्का त्याचीच किंमत. आणि हे फक्त गावाकडचं समजू नका. २०२० च्या एप्रिलमध्ये एका नामवंत फंड कंपनीने कर्जरोख्यांच्या सहा योजना एका रात्रीत गुंडाळायला घेतल्या. त्यांच्याही आलेखाची रेघ तोपर्यंत बरीच सरळ होती. जमिनीचंही तेच. तिची किंमत रोज कुणी छापत नाही म्हणून ती हलत नाही असं वाटतं. घाईने विकायला काढली की मग कळतं.

जमीन आणि पतसंस्थेबद्दल जाऊबाईंना पटलं ते मात्र एक्सेलमुळे नाही, २०१९ च्या ऑगस्टमुळे. कृष्णेचं पाणी गावभागात, मारुती चौकात शिरलं, तेव्हा दुकानातला माल गेला. नदीकाठचा ऊस कुजला. ऊसबिल नाही म्हणून शेतकऱ्यांची उधारी थकली आणि त्याच शेतकऱ्यांनी, त्याच दुकानदारांनी पतसंस्थेकडून घेतलेली कर्जंही थकली. दुकान, शेत, उधारी, पतसंस्था या चार वेगळ्या गोष्टी म्हणून आपण वहीत लिहितो. त्यांना ओल एकाच नदीची. तिच्या दुकानाचा वाटा आधीच त्या नदीवर अवलंबून आहे, म्हणजे तिच्या बाकीच्या पैशांनी सांगलीबाहेर पडणं सगळ्यांत गरजेचं. हे सांगणारा रकाना कुठल्याही माहितीपत्रकात नसतो, कारण तिथे आपल्या घरच्या पोटापाण्याचा सहसंबंध काढलेला नसतो. तो आपणच काढायचा.

सोन्याचं काय, असं तुम्ही विचारणारच. साठ महिन्यांच्या त्याच आकड्यांत सोनं आणि इक्विटी फंड यांचा सहसंबंध शून्याच्या आसपास आला. २००८ मध्ये सेन्सेक्स निम्म्याखाली आला, त्या वर्षी रुपयात सोनं चढलं होतं. २०२० च्या मार्चमध्ये घबराटीत काही दिवस तेही पडलं. मोठ्या संकटात सगळेच सहसंबंध थोडे दिवस १ कडे धावतात. पण ऑगस्टपर्यंत ते १० ग्रॅमला ५५ हजारांच्या वर होतं. मात्र हे सोनं म्हणजे पाटल्या आणि तोडे नव्हेत. मजुरी गेली, मोडताना घट गेली, आणि मुख्य म्हणजे आपण ते मोडतच नाही. जे विकायची वेळ आली तरी विकणार नाही, ते संतुलनात धरता येत नाही. तिने दागिने हिशेबाबाहेर ठेवले आणि गोल्ड ईटीएफ वेगळं घेतलं.

हे सगळं झाल्यावरही एक प्रश्न राहतो, आणि त्याचं उत्तर मार्कोविट्झ देत नाहीत, शार्पही देत नाहीत. धक्का किती घ्यायचा? उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात परिग्रहपरिमाण व्रताचे अतिचार सांगताना शेत-घर, चांदी-सोनं, धन-धान्य अशा जोड्या मांडल्या आहेत. त्यात मला गुंतवणुकीचा सल्ला शोधायचा नाही. व्रत आसक्ती कमी करण्यासाठी आहे, फायदा वाढवण्यासाठी नाही. पण व्रत घेणाऱ्याला प्रत्येक प्रकारापुढे एक आकडा लिहावा लागतो, आणि तो आकडा आमच्या उपयोगी पडला. जाऊबाईंच्या आईंनी हे व्रत घेतलेलं आहे. तिने आईची वही मागून आणली आणि तशीच स्वतःची केली. मुलीचं शिक्षण, मुलाचं शिक्षण, दवाखाना, म्हातारपण, आणि याहून जास्त नको. बेरीज केली तेव्हा लक्षात आलं की महागाई धरूनही तिला २२ टक्क्यांची गरजच नाही. ठेवीपेक्षा दीड-दोन टक्के जास्त सुटले तरी पुरतात. ज्याची गरज नाही ते मिळवायला मुलांची फी झोक्यावर का ठेवायची?

शेवटी तिने केलं ते असं. १२ लाख तीन वेगवेगळ्या बँकांत, प्रत्येकी ४, म्हणजे व्याजासकट विम्याच्या आत. ६ लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत, तिथून ७.४ टक्क्यांनी महिन्याला ३,७०० रुपये येतात. ४ लाख सोन्यात. ८ लाख इक्विटीत, तेही एकाच फंडात. २०२० सारखं पुन्हा झालं, तर त्या आठांतले ३ लाख कागदावर जातील, म्हणजे तीस लाखांचा दहावा हिस्सा. तेवढं सोसून झोप लागेल, असं तिने सांगितलं.

त्या एका फंडाची निवड मात्र तिने माझ्या गणिताने केली नाही. मी निफ्टीचा इंडेक्स फंड सुचवला, खर्च कमी म्हणून. तिने यादी मागितली. यादीत सिगारेट बनवणारी कंपनी होती. "त्यातला नफा मला नको, अक्का." आपल्याकडे पंधरा कर्मादानांची यादी आहेच. मग तिने फंडांच्या दरमहा जाहीर होणाऱ्या पूर्ण याद्या एकेक करून वाचल्या आणि मद्य, मांस, तंबाखू, चामडं यांतलं काही नसलेला फंड शोधला. मला वाटलं होतं, अशी गाळणी लावली तर धोका वाढेल. तो फारसा वाढत नाही, आणि कारण वर आलेलंच आहे. मोठ्या कंपन्यांचे शेअर एकमेकांबरोबरच चालतात, त्यामुळे पन्नासांतले दोन-चार काढले तरी एकूण झोका जवळपास तोच राहतो. बँका पुढे कुणाकुणाला कर्ज देतात, तिथवर मात्र आपली गाळणी पोचत नाही. तेही तिने बोलून दाखवलं.

ती वही दशलक्षण पर्वात, उत्तम आकिंचन्याच्या दिवशी उघडायची असं तिने ठरवलंय. २०२५ मध्ये उघडली तेव्हा सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलं होतं आणि तिच्या ४ लाखांचे साडेसहाच्या आसपास झाले होते. ज्या त्या बाईच्या तोंडी तेव्हा एकच विषय, अजून थोडं घेऊया का. तिने उलट केलं. वहीत सोन्यापुढे जेवढा हिस्सा लिहिला होता, त्यावरचं विकून ठेवीत टाकलं. मामंजी दोन दिवस बोलले नाहीत. सुनेने सोनं विकलं, हेच त्यांच्या मनात. ते ईटीएफ होतं, पाटल्या जागच्या जागी आहेत, हे तिसऱ्या दिवशी त्यांना सासूबाईंनी समजावलं.

पुढच्या लेखात नॉमिनीबद्दल लिहीन. दिरांच्या एका जुन्या खात्यावर नॉमिनी म्हणून अजून त्यांच्या आईंचंच नाव होतं, त्यात चार महिने गेले. तोवर तुमच्या घरातली पासबुकं आणि विम्याचे कागद एका पिशवीत काढून ठेवा, म्हणजे लेख वाचतानाच तपासता येतील.

जय जिनेंद्र.